विमानातून पतंग कसा न्यायचा? पॅकिंग, मांजा, बॅटरी आणि सामानाचे नियम

संक्रांतीला अहमदाबादच्या मित्राकडे येवल्याचे पतंग न्यायचेत? की परदेशातल्या भावंडांसाठी दोन-चार पतंग बॅगेत टाकायचेत? मग पहिला प्रश्न हाच पडतो : विमानात पतंग नेता येतो का?

थोडक्यात उत्तर : हो, येतो. खुद्द पतंगावर बंदी नाही. अडचण येते ती पतंगासोबतच्या वस्तूंमुळे, म्हणजे मांजा, कात्री, गोंद, लायटर, एलईडीची बॅटरी. दुसरी अडचण म्हणजे चुकीच्या पॅकिंगमुळे प्रवासातच मोडणारा पतंग. या लेखात दोन्ही गोष्टी नीट समजून घेऊ.

आधी एक गोष्ट मोजा : सगळ्यात लांब काडी

पतंग कागदाचा असो वा कापडाचा, प्रवासात सगळ्यात आधी मोडते ती काडी. कापड घडी घालता येतं, शेपटी गुंडाळता येते, पण कामटी वाकवून बॅगेत कोंबता येत नाही. त्यामुळे पॅकिंग ठरवताना पतंगाची नाही, तर त्यातल्या सुट्या न होणाऱ्या सगळ्यात लांब काडीची लांबी मोजा. मग हे दोन आकडे बघा :

- केबिन बॅग : देशांतर्गत इकॉनॉमी प्रवासात साधारण ७ किलो. मापं कंपनीनुसार थोडी बदलतात, पण ५५ × ३५ × २५ सेंमी धरून चला.
- चेक-इन बॅग : बहुतेक कंपन्यांत लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज १५८ सेंमीपर्यंत. त्यापुढे गेलात तर मोठ्या आकाराचं सामान म्हणून जादा पैसे लागू शकतात.

छोटी युक्ती : ५५ × ३५ च्या बॅगेत काडी तिरपी ठेवली तर साधारण ६० सेंमीची काडी जेमतेम मावते. त्याहून लांब असेल तर सरळ चेक-इनचा विचार करा.

आणखी एक गोष्ट. छोट्या शहरांच्या मार्गांवर बऱ्याचदा एटीआर विमान असतं. त्यात डोक्यावरचे कप्पे लहान असतात. मोठ्या विमानात सहज मावलेला पुठ्ठ्याचा बॉक्स तिथे मावेलच असं नाही. तिकिटावर किंवा अ‍ॅपमध्ये विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो आधी बघून ठेवा.

पतंगाच्या प्रकारानुसार पॅकिंग

१. आपला नेहमीचा कागदी पतंग

यात एक उभी कामटी आणि एक वाकवलेली कमान असते. दोन्ही कागदाला चिकटवलेल्या, त्यामुळे सुट्या करता येत नाहीत. पॅकिंग असं करा :

- सगळे पतंग एकाच दिशेने, एकावर एक ठेवा. कमानी एकमेकींत बसतात आणि गठ्ठा मजबूत होतो. एकटा पतंग लवकर मोडतो, दहा पतंगांचा गठ्ठा सहसा टिकतो.
- गठ्ठ्याच्या वर आणि खाली जाड पुठ्ठा लावा. फ्लेक्सच्या दुकानात मिळणारी पोकळ प्लास्टिकची शीट असेल तर आणखी चांगलं. ती हलकी असते आणि ओलीही होत नाही.
- पुठ्ठा पतंगापेक्षा चारही बाजूंनी दोन-तीन सेंमी मोठा कापा. टोकं बाहेर राहिली की पहिली तीच मोडतात.
- टेप पुठ्ठ्याला लावा, पतंगाला नाही. दोरा फार आवळू नका, नाहीतर कमानीवर ताण येतो.
- वरून प्लास्टिकची पिशवी घाला. विमानतळावर पावसात किंवा दवात सामान उघड्यावर राहू शकतं.

उदाहरण घ्या. ७५ × ७० × १० सेंमीचा चपटा बॉक्स केला तर बेरीज १५५ होते, म्हणजे १५८ च्या आत. बऱ्यापैकी मोठे पतंगही यात जातात.

२. काड्या निघणारे डेल्टा आणि स्टंट पतंग

यांचं कापड नायलॉनचं आणि काड्या फायबरग्लास किंवा कार्बनच्या असतात. काड्या जोडावरून काढता येतात. पण स्टंट पतंगांच्या काड्यांची एक प्रचलित लांबी ८२.५ सेंमी आहे, म्हणजे त्या केबिन बॅगेत मावणार नाहीत.

यावर स्वस्त उपाय म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातला ११० मिमीचा पीव्हीसी पाइप. ९० सेंमी लांबीचा तुकडा घ्या आणि दोन्ही बाजूंना झाकणं लावा. मापांची बेरीज होते साधारण ११२ सेंमी. आत काड्यांना रबर बँड लावून एकत्र बांधा, कापड त्यांच्याभोवती गुंडाळा आणि दोन्ही टोकांना स्पंज भरा. कार्बनची काडी बाजूने दाबली गेली तर उभी चिरते, म्हणून पाइप कडकच हवा.

महत्त्वाचं : झाकण सोल्यूशनने चिकटवू नका, फक्त टेप लावा. बंद पाइप एक्स-रेमध्ये संशयास्पद वाटू शकतो आणि सुरक्षा कर्मचारी तो उघडायला सांगू शकतात. सहज उघडला आणि सहज बंद झाला, तर तुमचं सामान शाबूत राहील. बाहेर मराठीसोबत इंग्रजीतही मोठ्या अक्षरात लिहा : ‘आत पतंग आहे, नाजूक’.

३. काड्या नसलेले फॉइल पतंग

हे पतंग हवा भरून फुगतात, त्यांना काडीच नसते. घडी घातली की सरळ सॅकमध्ये जातात. नेहमी विमानाने फिरत असाल आणि नवीन पतंग घ्यायचा विचार असेल तर हा प्रकार सगळ्यात सोयीचा. एकच काळजी घ्या : ओला किंवा वाळू भरलेला पतंग घडी घालू नका. बुरशी येते आणि वाळूने कापड घासलं जातं.

गोव्यात मोरजी-आश्वेच्या किनाऱ्यावर काइटसर्फिंग करणाऱ्यांचा पतंग वेगळा असतो. त्याची कड पंपाने फुगवतात. तो नेताना सगळी हवा काढा आणि व्हॉल्व्ह उघडे ठेवा. सोबतचा बोर्ड बऱ्याच कंपन्यांत क्रीडासाहित्य म्हणून आधी बुक करावा लागतो.

मांजा : इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या

राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी पतंग उडवण्यासाठीच्या नायलॉन आणि इतर सिंथेटिक मांजावर देशभर बंदी घातली. आपण ज्याला चायनीज मांजा म्हणतो तो यातच येतो. तो विमानात नेता येईल का हा प्रश्नच चुकीचा आहे. तो विकत घेणं, साठवणं, वापरणं हेच बेकायदा आहे. दुचाकीस्वारांचे गळे चिरतात, पक्षी अडकून मरतात, ते याच दोऱ्यामुळे.

साधा सुती दोरा नेत असाल तर :

- फिरकी, चक्री किंवा आसारी चेक-इन सामानात टाका. केबिनमध्ये नेली तर शेवटचा निर्णय तपासणीवर बसलेल्या कर्मचाऱ्याचा असतो आणि त्याने अडवली तर ती तिथेच सोडावी लागते.
- दोऱ्याचं टोक टेपने चिकटवा. बॅगेत सुटलेला दोरा सगळ्या सामानात गुंततो.
- शक्य असेल तर दोरा नेऊच नका, पोहोचल्यावर घ्या. वजन वाचतं आणि तिथल्या नियमांत बसणारा दोरा मिळतो.

काय कुठे ठेवायचं? पटकन यादी

केबिनमध्येच ठेवा :
- पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या
- एलईडी पतंगाच्या बॅटऱ्या (काढून, टोकांना टेप लावून)
- कॅमेरा

चेक-इनमध्ये ठेवा :
- कात्री, कटर, ब्लेड
- हातोडी, जमिनीत ठोकायच्या लोखंडी खुंट्या
- फिरकी आणि दोरा
- लांब काड्या, पाइप

नेऊच नका :
- लायटर आणि काडेपेटी (नायलॉन दोऱ्याची टोकं वितळवायला अनेक जण लायटर ठेवतात, भारतातल्या विमानतळांवर तो दोन्हीकडे चालत नाही)
- ज्वलनशील द्रावक असलेला गोंद, थिनर, स्प्रे पेंट

दुरुस्तीसाठी गोंदाऐवजी कापडी टेप आणि बांबूच्या दोन जादा काड्या ठेवा. तुटलेल्या कामटीला आधार देऊन टेप गुंडाळली की संध्याकाळपर्यंत काम भागतं.

एलईडी पतंग आणि पॉवर बँकचं गणित

रात्री उडणाऱ्या पतंगात छोट्या बॅटऱ्या असतात. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनमध्ये चालत नाहीत, कारण सामानाच्या कप्प्यात त्यांनी पेट घेतला तर कुणाच्या लगेच लक्षात येत नाही. केबिनमध्ये निदान आग विझवता येते.

पॉवर बँकची मर्यादा १०० वॅट-अवर आहे. १०० ते १६० च्या मध्ये असेल तर कंपनीची आधी परवानगी लागते, त्यापुढे नाहीच. हिशेब सोपा आहे : एमएएच गुणिले व्होल्ट, भागिले १०००. म्हणजे २०,००० एमएएचची पॉवर बँक ३.७ व्होल्टने ७४ वॅट-अवर होते. चालेल. आकडा पुसला गेलेली पॉवर बँक मात्र अडवली जाऊ शकते.

फोन इथे कामाला येतो

- फोटो काढा : पॅकिंगआधी पतंगाचा, पॅकिंगनंतर बॉक्सचा आणि काउंटरवर लावलेल्या टॅगचा. नुकसान झालं तर हाच पुरावा.
- ट्रॅकर ठेवा : एअरटॅगसारख्या ट्रॅकरमध्ये अगदी छोटी बटण बॅटरी असते, त्यामुळे तो चेक-इन बॅगेत चालतो. पीव्हीसी पाइपसारखं वेगळ्या आकाराचं सामान बऱ्याचदा वेगळ्या पट्ट्यावर येतं, तेव्हा तो फार उपयोगी पडतो.
- स्क्रीनशॉट ठेवा : कंपनीच्या सामानाच्या नियमांचं पान सेव्ह करा. काउंटरवर वाद घालण्यापेक्षा ते दाखवणं सोपं.
- निमंत्रणपत्र ठेवा : महोत्सवाला जात असाल तर त्याची पीडीएफ फोनमध्ये असू द्या. वीस पतंग कशाला, या प्रश्नाचं उत्तर एका टॅपवर मिळतं.

परदेशात जाताना : बांबू विसरू नका

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये लाकूड, बांबू अशा वनस्पतीजन्य वस्तू उतरल्यावर जाहीर कराव्या लागतात. कामटी बांबूची असल्याने आपला पतंगही त्यात येतो. प्रवेशाच्या फॉर्मवर ‘हो’ लिहा आणि पतंग दाखवा. तपासून कीड नसेल तर सहसा परत मिळतो. लपवलात तर दंड होऊ शकतो. या देशांत फायबरच्या काड्यांचा पतंग नेणं जास्त सोयीचं.

पतंग मोडला तर?

नाजूक सामान देताना काउंटरवर कधी कधी ‘लिमिटेड रिलीज’ टॅगवर सही घेतात. त्याचा अर्थ, त्या सामानाच्या मोडतोडीची जबाबदारी कंपनी घेत नाही. सही करण्याआधी वाचा. पॅकिंग पुरेसं मजबूत असेल तर हा टॅग नको असं सांगून बघता येतं.

सामान हातात आल्यावर विमानतळ सोडण्याआधी उघडून बघा. मोडलं असेल तर तिथेच कंपनीच्या बॅगेज काउंटरवर तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासात मॉन्ट्रियल करारानुसार नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून ७ दिवसांत करावी लागते. भारतात कंपनी दाद देत नसेल तर सरकारच्या एअरसेवा अ‍ॅपवर तक्रार करता येते.

नेहमी पडणारे प्रश्न

सामानाच्या कप्प्यात हवेच्या दाबाने पतंग फाटेल का?
नाही. प्रवासी विमानात सामानाच्या कप्प्यातही केबिनइतकाच दाब ठेवलेला असतो. पतंग फाटतो तो वरच्या बॅगांच्या वजनाने.

पतंग हातात धरून चढता येईल का?
छोटा गठ्ठा असेल तर काही वेळा सोडतात, पण तो तुमची एक केबिन बॅग म्हणून मोजला जाऊ शकतो. त्यावर अवलंबून राहू नका.

पोहोचल्यावर विमानतळाजवळच्या मैदानात उडवला तर?
अजिबात नको. उतरणाऱ्या विमानांना त्याचा धोका असतो आणि पोलिस कारवाई करू शकतात. गंमत म्हणजे १९३४ च्या विमान कायद्यात ‘एअरक्राफ्ट’च्या व्याख्येत पतंगही होता!

निघण्याच्या आदल्या रात्री एकदा तपासा : काड्यांना कडक आधार, दोरा चेक-इनमध्ये, बॅटरी केबिनमध्ये, लायटर घरी. एवढं जमलं की पतंग मोडायची भीती बरीच कमी होते. पुढचं वाऱ्यावर!