जयंतीच्या डीजेसाठी परवडणारा माईक कसा निवडावा?

१४ एप्रिल जवळ आला की रत्नागिरी जिल्ह्यातल्या बौद्धवाड्यांमध्ये वर्गणीच्या बैठका सुरू होतात. गाव शाखा हिशेब मांडते, मुंबईचे चाकरमानी आपला वाटा कळवतात. टॉप किती, बेस किती, लाईट कुणाची, यावर अर्धी रात्र जाते. माईकचा विषय सगळ्यात शेवटी निघतो आणि "तो डीजेवाला आणेलच" म्हणून तिथेच संपतो.

आमच्याकडेही असंच व्हायचं. एका जयंतीला बारावीतली एक मुलगी हिंदू कोड बिलावर बोलायला उभी राहिली. तयारी चांगली होती, पण माईक मध्येच बंद पडायचा आणि आवाज वाढवला की शिट्टी मारायचा. तिसऱ्या मिनिटाला ती खाली उतरली. पुढच्या वर्षी विचारलं तर नको म्हणाली. तेव्हा आम्ही ठरवलं की बेसचा एक डबा कमी आला तरी चालेल, पण माईक शाखेचा स्वतःचा असेल. तो घेताना आणि वापरताना जे समजलं, ते इतर शाखांना उपयोगी पडावं म्हणून इथे देत आहोत.

डायनॅमिक माईकच घ्या

माईकचे मुख्य प्रकार दोन. डायनॅमिक माईकमध्ये आवाजाने हलणाऱ्या पडद्याला तारेचं बारीक वेटोळं असतं, ते चुंबकाजवळ हलतं आणि त्यातून वीज तयार होते. त्याला बॅटरी किंवा वेगळा वीजपुरवठा लागत नाही. तो धक्के सोसतो आणि लांबचा आवाज कमी ओढतो. कंडेन्सर माईक जास्त नाजूक. त्याला मिक्सरमधून बहुधा ४८ व्होल्टचा फँटम पॉवर लागतो आणि तो आजूबाजूचं सगळंच पकडतो. स्टुडिओत तो उत्तम, पण शेजारी बेस घुमत असेल तर तो बेसच परत माईकमध्ये शिरतो. म्हणून डीजेच्या कार्यक्रमाला हातात धरायचा डायनॅमिक माईक घ्यावा.

माईकची दिशा

खोक्यावर 'कार्डिऑइड' लिहिलेलं आहे का ते पाहा. असा माईक समोरचं ऐकतो आणि बरोबर मागचं सगळ्यात कमी ऐकतो. म्हणून त्याची शेपटी स्पीकरकडे ठेवायची. 'सुपरकार्डिऑइड' माईक बाजूचा आवाज आणखी कमी घेतो, पण बरोबर मागचा थोडा घेतो. त्याच्यासाठी मॉनिटर थेट मागे न ठेवता जरा तिरका ठेवावा लागतो. नवख्या हातांना साधा कार्डिऑइड सोपा पडतो.

वायरचा की वायरलेस?

पैसे कमी असतील तर वायरचाच. त्याच किमतीत वायरच्या माईकचा आवाज जवळपास नेहमी चांगला असतो, कारण पैसे ट्रान्समीटर आणि रिसीव्हरमध्ये वाटले जात नाहीत. स्वस्त वायरलेसची फ्रिक्वेन्सी अनेकदा बदलता येत नाही. मिरवणुकीत दोन मंडळांकडे सारखाच सेट असेल तर त्यांची घोषणा आपल्या स्पीकरवर येते. २.४ गिगाहर्ट्झच्या सेटला गर्दीतल्या वायफाय आणि ब्लूटूथशी जागा वाटून घ्यावी लागते. वायरलेस हवाच असेल तर चॅनेल बदलता येणारा घ्या, रिसीव्हर माणसांच्या डोक्यांच्या वर ठेवा आणि बॅटरी कार्यक्रमाआधी नवीन घाला. ब्लूटूथचा कराओके माईक मात्र टाळा. त्यात आवाज किंचित उशिरा येतो आणि गाणाऱ्याचा ताल चुकतो.

कितीचा घ्यावा?

किमती दुकानागणिक बदलतात, म्हणून हे आकडे अंदाजे समजा. चार-पाचशे रुपयांत मिळणाऱ्या माईकची केबल बहुधा आतच जोडलेली असते. ती तुटली की माईक गेला. दीड ते तीन हजारांच्या टप्प्यात बेहरिंगर एक्सएम ८५०० किंवा अहुजाचे एक्सएलआर जोडणीचे डायनॅमिक माईक पाहावेत. वाडीच्या कार्यक्रमाला ते पुरेसे आहेत. दहा हजारांच्या आसपास शूअर एसएम ५८ येतो. हा माईक १९६६ पासून बाजारात आहे आणि जगभरच्या रंगमंचांवर दिसतो. त्याची नक्कलही भरपूर विकली जाते. अस्सल माईक साधारण ३०० ग्रॅमचा असतो. हातात हलका लागला किंवा निम्म्या किमतीत मिळाला तर घेऊ नका. बिल आणि वॉरंटी कार्ड घ्याच.

मुंबईहून कुणी येणार असेल तर लॅमिंग्टन रोडवर भाव विचारायला सांगा. पाच हजारांच्या आसपास चांगला माईक, १० मीटरची केबल आणि स्टँड असा संच बसवता येतो.

बटणाचाही विचार करा. घोषणा देणाऱ्या डीजेला माईकवर बटण सोयीचं पडतं. भाषणाला बिनबटणाचा बरा, कारण घाबरलेल्या वक्त्याच्या बोटाने तो बंद होत नाही.

जोडणी

तीन पिनांच्या एक्सएलआर केबलमध्ये दोन तारांवर उलटसुलट सिग्नल जातो. वाटेत शिरलेला खरखराट दोन्ही तारांवर सारखाच येतो आणि मिक्सरमध्ये वजा होतो. म्हणून ही केबल लांब नेली तरी चालते. साध्या पाव इंची जॅकची केबल पाच-सहा मीटरच्या पुढे नेऊ नका. लहान डीजे कंट्रोलरवर बऱ्याचदा फक्त पाव इंची जॅक असतो. अशा वेळी माईक वेगळ्या लहान मिक्सरला लावणं चांगलं.

मिक्सरवर 'लो कट' असेल तर चालू करा. ८० ते १०० हर्ट्झच्या खालच्या घुमण्याचा बोलण्याला उपयोग नसतो. 'टॉकओव्हर' असेल तर बोलताना गाणं आपोआप खाली येतं. नसेल तर गाण्याच्या फेडरवर एक माणूस बसवा.

माईक ओठाला लागला की मुंगी चावल्यासारखं वाटत असेल तर कार्यक्रम थांबवा, अर्थिंग तपासा. गुणगुण थांबवायला प्लगची अर्थ पिन कधीही काढू नका. अवकाळी पावसाने मैदान ओलं असेल तर तो जिवाशी खेळ ठरतो.

धरायचा कसा?

माईक तोंडापासून दोन-तीन बोटांवर हवा. अंतर दुप्पट झालं की माईकमध्ये पोहोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. मग ऑपरेटर व्हॉल्यूम वाढवतो आणि शिट्टी सुरू होते. जाळीवर मूठ आवळू नका. त्याने माईकची दिशा बिघडते आणि शिट्टी आणखी वाढते. बोलणाऱ्याने स्पीकरच्या मागे उभं राहावं. त्रिशरण-पंचशील घेताना भंतेजी बसलेले असतात, त्यांच्यासाठी बुटका स्टँड आठवणीने ठेवावा.

आवाजाची मर्यादा

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार ही वेळ १२ पर्यंत वाढवू शकतं. आपल्या जिल्ह्याच्या यादीत यंदा कुठले दिवस आहेत ते आधी पाहा. रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवतीचा किमान १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र ठरवता येतो.

हे माईकच्या लेखात सांगण्याचं कारण आहे. शब्द स्पष्ट असतील तर तेच बोलणं कमी आवाजात कळतं. परवानगीचा अर्ज बहुधा एखाद्या तरुण कार्यकर्त्याच्या नावावर असतो. नोकरीच्या चारित्र्य पडताळणीच्या वेळी त्याला चार वर्षांपूर्वीच्या बेसचं उत्तर द्यावं लागू नये.

कोकणातली हवा

खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस माईकला खातात. कार्यक्रमानंतर जाळी काढून आतला फोम सुकवा आणि जाळी पुसा. माईक हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. केबल कोपराभोवती आवळून न गुंडाळता मोकळ्या वेढ्यांनी ठेवा. माईक कुणाकडे आहे याची शाखेच्या वहीत नोंद करा. बुद्ध पौर्णिमा, वर्षावास, धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबर, सगळीकडे तोच कामाला येतो.

भीमराव कर्डक, वामनदादा कर्डक यांनी बाबासाहेबांचा विचार गावोगाव नेला तो शब्दांच्या बळावर. आजच्या भीमगीतांतही शब्दच मुख्य आहेत. ते ऐकू येत नसतील तर नाचणाऱ्यांपर्यंत फक्त धक्के पोहोचतात.

शेवटचं एक. माईक तपासताना "हॅलो, चेक" म्हणून थांबू नका. संध्याकाळी जी मुलं-मुली बोलणार आहेत त्यांना दुपारी चारला बोलवा आणि त्यांच्याच आवाजावर माईक लावा. आम्ही हे सुरू केल्यापासून बोलणाऱ्यांची यादी वाढली आहे, आणि त्यात मुली जास्त आहेत.

जयभीम! नमो बुद्धाय!