एक सुवर्णपदक, अनेक रांगा: चित्रपट पुरस्कारांतील गटांचा इतिहास

१/ १९५४ साली केंद्र सरकारने चित्रपटांना पुरस्कार देण्यास प्रारंभ केला. सर्वोत्कृष्ट कथापटाचे पहिले सुवर्णपदक मिळाले आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ला गुणवत्ता प्रमाणपत्र मिळाले. मराठी आणि हिंदी तेव्हा एकाच रांगेत होत्या.

२/ पुढच्याच वर्षी भाषावार रौप्यपदके आली. अत्र्यांच्याच ‘महात्मा फुले’ने मराठीचे रौप्यपदक पटकावले, सुवर्णपदक सोहराब मोदींच्या ‘मिर्झा गालिब’ला गेले.

३/ हा गट म्हणजे संरक्षण की कुंपण? लहान बाजारपेठेच्या भाषांना त्यामुळे दिल्लीत दखल मिळाली. सुवर्णपदकाचे दारही बंद झाले नव्हते. ‘पथेर पांचाली’ने बंगालीचे रौप्यपदक आणि अखिल भारतीय सुवर्णपदक, दोन्ही मिळवले.

४/ मराठीला मात्र तो सर्वोच्च मान पुन्हा मिळाला तो संदीप सावंत यांच्या ‘श्वास’मुळे, २००३ सालच्या पुरस्कारांत. मध्ये अर्धे शतक गेले. जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’सुद्धा ‘सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट’ या पायरीवर थांबला. एवढ्यावरून अन्याय सिद्ध होत नाही. परंतु स्वतंत्र गट असला की तेवढ्यावर बोळवण करणे परीक्षकांना सोपे जाते, ही शंका उरतेच.

५/ अमेरिकन दूरचित्रवाणीत हाच पेच उलट क्रमाने आला. केबलवरील मालिकांना प्राइमटाइम एमीचे दार १९८८ मध्ये उघडले. तोवर त्यांच्यासाठी ‘केबलएस’ हे वेगळे पुरस्कार होते. २००४ मध्ये ‘द सोप्रानोज’ ही सर्वोत्कृष्ट नाट्यमालिका ठरलेली पहिली केबल मालिका. मग तक्रार जुन्या वाहिन्यांची होती: वर्षाला बावीसेक भाग आणि प्रक्षेपणाची कडक बंधने सांभाळून, तेरा भागांच्या मोकळ्या मालिकेशी बरोबरी कशी करायची?

६/ २०११ सालच्या पुरस्कारांत उमेश कुलकर्णींच्या ‘देऊळ’ला सुवर्णकमळ मिळाले, तेही विभागून. वाटेकरी होता ‘ब्यारी’: आठव्या अनुसूचीतही नसलेल्या, कर्नाटक किनाऱ्यावरच्या एका लहान भाषेतला चित्रपट. त्यानंतर ‘कोर्ट’ आणि ‘कासव’ यांनीही तो सर्वोच्च मान मराठीकडे आणला.

७/ गट असावेत की नसावेत, हा वाद म्हणूनच अपुरा आहे. लहानांसाठी वेगळी रांग हवीच. पण त्या रांगेतून मुख्य मंचाकडे जाणारी वाट वापरात राहते का, यावर पुरस्काराची न्याय्यता ठरते. मराठीसाठी ती वाट नियमांत कायम होती. तिच्यावर पुन्हा पाऊल पडायला पन्नास वर्षे लागली.