खड्डे, वाळवी आणि मातीची शाळा

बहात्तरचा दुष्काळ म्हटलं की आपल्याला सुकडी आणि रस्त्यावर खडी फोडणारी माणसं आठवतात. घरोघरी ऐकलेल्या गोष्टी! पण त्याच सुमारास सहाराच्या दक्षिणेला, साहेलच्या पट्ट्यातही पावसाने अशीच पाठ फिरवली होती. तिथली माणसंही आपल्यासारखीच ज्वारी-बाजरीवर जगणारी. त्यातलाच एक देश अप्पर व्होल्टा. १९८४ साली त्याचं नाव बुर्किना फासो झालं.

तिथल्या उत्तरेकडच्या यातेंगा भागात जमीन खापरासारखी कडक झाली होती. पाऊस पडला तरी पाणी मुरायचं नाही, नुसतं वाहून जायचं. लोक गाव सोडून चालले होते. १९८०च्या सुमारास गूर्गा गावच्या याकुबा सावादोगो या शेतकऱ्याने एक जुनीच रीत हातात घेतली. तिचं नाव 'झाई'. आपण झाडाला आळं करतो ना, तसे शेतभर वीतभर खोल खड्डे. त्याने ते जरा मोठे केले आणि ऐन उन्हाळ्यात त्यात शेणखत टाकलं. खताच्या वासाने वाळवी आली, तिने जमिनीत बोगदे पाडले आणि पहिल्या पावसाचं पाणी आत उतरलं! वाळवीला कामाला लावणारा दुसरा शेतकरी मला तरी माहीत नाही. खतातून आलेली झाडंही त्याने वाढू दिली आणि त्या उजाड माळावर रान उभं राहिलं.

त्याच भागात ऑक्सफॅमच्या एका प्रकल्पात शेतकरी समपातळीवर दगडांच्या ओळी रचायला शिकले. पातळी कशाने काढायची? गवंडी वापरतात त्या पाण्याच्या नळीने.

गवंड्यावरून आठवलं. याच देशातल्या गांदो गावचा फ्रान्सिस केरे बर्लिनमध्ये वास्तुकला शिकत होता आणि शिकता शिकताच त्याने गावच्या शाळेसाठी पैसे जमवले. शाळा मातीची म्हटल्यावर गावकरी नाराज! पावसात मातीची भिंत टिकत नाही, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. केरेने मातीत थोडं सिमेंट घालून विटा दाबून घेतल्या. वर पत्रा चढवला, पण छतापासून उंच, म्हणजे मधून वारा खेळेल आणि भिंतींवर पाऊस येणार नाही. दगड-पाणी गावानेच वाहिलं. २००१ साली शाळा उभी राहिली. २०२२ मध्ये केरेला प्रित्झ्कर पारितोषिक मिळालं.

दोन्ही गोष्टींत मला एकच धागा दिसतो. खड्डा जुना, मातीही जुनी. गरिबाच्या हातात होतं तेच थोडं सुधारलं, आणि ते गावाला स्वतः करता आलं.

पण एक सल राहतोच. सावादोगोने पोसलेल्या रानाची बरीचशी जमीन वाढत्या शहराच्या आखणीत गेली. रान त्याचं, पण जमिनीवर कायदेशीर हक्क सरकारचा. २०१८ साली राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला, तरी ही चिंता सुटली नाही. २०२३ च्या डिसेंबरमध्ये तो गेला.

माती सुधारायला एक आयुष्य लागतं. कागदावर रेघ मारायला किती वेळ लागतो? आपल्याकडेही पडीक जमिनी हिरव्या करणारे पुष्कळ आहेत. त्यांना शाबासकी देतानाच सातबारा कोणाच्या नावावर आहे, तेही विचारायला हवं असं मला वाटतं. बघा, पटतंय का.