लिव्हरपूल फुटबॉल क्लब : मालकी, खर्च आणि दुखापती

इंग्लंडच्या वायव्य भागातील लिव्हरपूल शहराचा व्यावसायिक फुटबॉल क्लब. स्थापना 1892, मैदान अ‍ॅनफिल्ड. 1990 मध्ये अठरावे साखळी विजेतेपद मिळवल्यावर पुढच्यासाठी क्लबला 30 वर्षे थांबावे लागले. 2007 ते 2021 या काळातील त्याचे चढउतार पाहिले, की मालकाचा निर्णय, खर्चाची जागा आणि खेळाडूचा गुडघा या गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, हे लक्षात येते.

फेब्रुवारी 2007 मध्ये टॉम हिक्स आणि जॉर्ज जिलेट या अमेरिकी उद्योगपतींनी क्लब घेतला. नव्या स्टेडियमचे काम लगेच सुरू करण्याचे आश्वासन त्यांनी दिले होते; ते स्टेडियम कधीच उभे राहिले नाही. उलट खरेदीसाठी काढलेल्या कर्जाचा भार क्लबवर आला आणि उत्पन्नाचा मोठा वाटा व्याजात जाऊ लागला. समर्थकांनी संघटना बांधून रस्त्यावर निदर्शने केली. ऑक्टोबर 2010 मध्ये क्लबच्या विक्रीचे प्रकरण लंडनच्या उच्च न्यायालयात गेले आणि क्लब 30 कोटी पौंडांना आजच्या फेनवे स्पोर्ट्स ग्रुपच्या हाती आला. त्या दिवसांत संघ गुणतक्त्याच्या तळाजवळ होता.

नव्या मालकांनाही शहाणपण विकत घ्यावे लागले. 31 जानेवारी 2011 रोजी फर्नांडो टोरेसला 5 कोटी पौंडांना विकून त्याच दिवशी दोन आघाडीपटू आणले गेले. लुईस सुआरेझला सुमारे 2.28 कोटी पडले, तर मांडीच्या दुखापतीसह आलेल्या अँडी कॅरोलला 3.5 कोटी. कॅरोलने क्लबसाठी 44 साखळी सामन्यांत सहा गोल केले. सुआरेझने 2013-14 च्या एकाच हंगामात 31 केले.

ऑक्टोबर 2015 मध्ये प्रशिक्षक म्हणून युर्गन क्लॉप आले आणि पुढच्या वर्षी मायकेल एडवर्ड्स क्रीडा संचालक झाले. खेळाडू निवडताना आता आकडेवारीचा कसून विचार होऊ लागला. हल संघ खालच्या श्रेणीत गेला, तेव्हा त्याचा अँडी रॉबर्टसन सुमारे 80 लाख पौंडांत मिळाला. जानेवारी 2018 मध्ये फिलिप कुटिन्होला बार्सिलोनाकडे मोठ्या किमतीला विकले आणि त्याच महिन्यात 7.5 कोटींचा मधला बचावपटू व्हर्जिल व्हॅन डाइक आला. उन्हाळ्यात गोलरक्षक अ‍ॅलिसन. लाडका खेळाडू गेल्याचे दुःख समर्थकांना होतेच, पण पैसा नेमक्या भगदाडावर लागला. 2019 मध्ये चॅम्पियन्स लीग आणि 2020 मध्ये 99 गुणांसह साखळी विजेतेपद मिळाले.

त्याच उन्हाळ्यात मधला बचावपटू डेयान लोव्हरेन झेनितकडे गेला आणि त्याच्या जागी कोणीच घेतले नाही. कोविडच्या साथीमुळे स्टेडियम रिकामी होती, उत्पन्न आटले होते, हे खरे. तरी मधल्या फळीतील थिआगो आणि आघाडीपटू दिओगो जोटा यांच्यासाठी पैसे निघाले. म्हणजे सबंध हंगामासाठी अनुभवी मधले बचावपटू उरले तीन, आणि त्यांतले जो गोमेझ व जोएल मॅटिप वारंवार जायबंदी होणारे.

17 ऑक्टोबर 2020, गुडिसन पार्क, एव्हर्टनविरुद्धचा सामना. पहिली काही मिनिटेच झाली होती. उंच आलेल्या चेंडूसाठी गोलरक्षक जॉर्डन पिकफर्ड पुढे झेपावला आणि त्याचे पाय व्हॅन डाइकच्या उजव्या पायावर आदळले. व्हॅन डाइक ऑफसाइड ठरल्याने पेनल्टी मिळाली नाही, पिकफर्डला कार्डही दाखवले गेले नाही. व्हॅन डाइक लंगडत बाहेर गेला तो हंगामभरासाठी. गुडघ्याचा अस्थिबंध दुखावला होता. नोव्हेंबरमध्ये इंग्लंडच्या सरावात गोमेझचा गुडघा गेला, जानेवारीअखेर मॅटिपचा घोटा.

खरे नुकसान पुढे झाले. फाबिन्हो आणि कर्णधार जॉर्डन हेंडरसन यांना मधल्या फळीतून मागे आणावे लागले. बचाव कसाबसा तगला, पण ज्या मधल्या फळीच्या धावपळीवर क्लॉपचा खेळ उभा होता, ती पोकळ झाली. मग हे दोघेही जायबंदी झाले. अ‍ॅनफिल्डवर सलग 68 साखळी सामने न हरलेला संघ तिथेच सलग सहा हरला. क्लबच्या इतिहासात असे प्रथमच घडले. फेब्रुवारीच्या आरंभी घाईने दोन बचावपटू आणले. त्यांतला बेन डेव्हिस लिव्हरपूलसाठी एकही अधिकृत सामना खेळला नाही. एका दुखापतीला दैव म्हणता येईल. तीन दुखापतींनी संघ मोडला तो आधी ठेवलेल्या रिकाम्या जागेमुळे, आणि ती जबाबदारी व्यवस्थापनाची होती.

16 मे 2021 रोजी वेस्ट ब्रॉमविच येथे 95 व्या मिनिटाला कॉर्नरवर अ‍ॅलिसन स्वतःचा गोल सोडून पुढे धावला आणि हेडरने विजयी गोल केला. त्याचे वडील फेब्रुवारीत बुडून वारले होते. त्याने दोन्ही हातांची बोटे आकाशाकडे केली. हंगामअखेर मधल्या बचावात नॅट फिलिप्स आणि रीस विल्यम्स ही नवखी जोडी होती. संघ 69 गुणांसह तिसरा आला आणि चॅम्पियन्स लीगमधील जागा वाचली.

त्यानंतर क्लबने पहिली खरेदी केली ती मधल्या बचावपटूची : लाइपझिगचा इब्राहिमा कोनाते, सुमारे 3.6 कोटी पौंड. व्हॅन डाइक परतला. 2021-22 मध्ये संघाने 92 गुण मिळवले.