‘रेडशर्ट’चे खेळाडू काय म्हणाले? एका विनोदी खेळावरील अभिप्राय, इतिहासाचे साधन म्हणून

#थ्रेड #इतिहास

इतिहासाची साधने म्हटले की ताम्रपट, शिलालेख, दफ्तरे आणि बखरी डोळ्यांसमोर येतात. आजचे साधन अगदी अलीकडचे आहे आणि अनेकांना ते साधन वाटणारही नाही. एका संगणकीय खेळाविषयी तो खेळणाऱ्यांनी लिहून ठेवलेली मते, एवढेच त्याचे स्वरूप. मात्र २०१३च्या सुमारास माणसे समाजमाध्यमांना किती कंटाळली होती आणि तरीही त्यांना का चिकटून होती, हे या मतांमधून जितके स्पष्ट दिसते तितके त्या काळच्या अग्रलेखांतूनही दिसत नाही, असे माझे मत आहे.

खेळाचे नाव ‘रेडशर्ट’. निर्माती मितू खंडाकेर आणि तिच्या संस्थेचे नाव ‘द टायनिएस्ट शार्क’, म्हणजे सर्वांत चिमुकला शार्क. पोर्ट्समथ विद्यापीठात खेळांवर संशोधन करणाऱ्या या ब्रिटिश निर्मातीची बाफ्टाने २०१३ साली उदयोन्मुख कलावंतांत निवड केली. ‘पॉझिटेक गेम्स’ या छोट्या ब्रिटिश प्रकाशनसंस्थेमार्फत १३ नोव्हेंबर २०१३ रोजी खेळ बाजारात आला.

नावातील थट्टा कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९६६ ते १९६९ या काळात अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ ही दूरचित्रवाणी मालिका चालली. अनोळखी ग्रहावर उतरणाऱ्या तुकडीत कप्तान असे, त्याचे नामांकित सहकारी असत आणि लाल सदऱ्यातला एखादा बिननावाचा शिपाईही असे. संकट आले की पहिला बळी त्याचाच. पुढे ‘रेडशर्ट’ हा शब्दच कथेत केवळ मरण्यासाठी आणलेल्या पात्रासाठी रूढ झाला. आपल्याकडच्या पौराणिक मालिकांतील युद्धप्रसंगी रथामागे धावणारे सैनिक आठवा, म्हणजे कल्पना येईल.

या खेळात आपण तोच लाल सदरा. अंतराळस्थानकावरील सर्वांत खालच्या पायरीचा कर्मचारी. हाती तलवार नाही, यान नाही, फक्त ‘स्पेसबुक’ नावाचे समाजमाध्यम. जवळजवळ सारा खेळ त्या एका पडद्यावरच घडतो. दिवसाला मोजक्याच कृती करता येतात: कोणाला मैत्रीची विनंती पाठवायची, कोणाची नोंद ‘लाइक’ करायची, कोणाला मेजवानीला बोलवायचे. कौशल्याने बढती मिळते खरी, पण वरिष्ठाशी मैत्री जुळली तर वाट फारच सोपी होते. दुर्लक्षित मित्र दुरावतात, जोडीदार रुसतो. अधूनमधून बाह्यमोहीम निघते आणि काल ज्याच्या नोंदीवर आपण अंगठा उमटवला होता तो आज हयात नसतो.

खेळाला मिळालेला प्रतिसाद संमिश्र होता. आता त्या प्रतिसादाची साधन म्हणून परीक्षा करू.

१८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध करताना वि. का. राजवाडे यांनी बखरींची कठोर झडती घेतली आणि समकालीन अस्सल पत्रांना वरचे स्थान दिले. लिहिणारा कोण, त्याने केव्हा लिहिले, कोणासाठी लिहिले आणि त्याचा हेतू काय, हे प्रश्न तेव्हापासून आपल्या अभ्यासात मुरले आहेत. खेळाडूंच्या अभिप्रायांनाही तेच विचारायचे.

प्रथम ‘केव्हा’. ‘स्टीम’ या विक्रीमंचावर खेळाडूंनी सविस्तर अभिप्राय लिहिण्याची सोय नोव्हेंबर २०१३च्या अखेरीस, चाचणीच्या स्वरूपात, सुरू झाली. म्हणजे ‘रेडशर्ट’ आला त्याच महिन्यात. समाजमाध्यमावरील विडंबन आणि विक्रीच्या दुकानातच समाजमाध्यम उभारणारी ही व्यवस्था एकाच महिन्यात जन्मली. हा निव्वळ योगायोग. त्यावर सिद्धान्त रचण्याचा मोह मी आवरतो. परिणाम मात्र खरा आहे. इतरांच्या ‘लाइक’ला हपापलेल्या पात्राचा खेळ खेळून झाल्यावर खेळाडू त्यावर मत लिहितो, आणि त्या मताखाली इतर लोक ‘उपयुक्त वाटले का’ याची खूण करतात.

या व्यवस्थेने साधनाला एक विशिष्ट साचाही दिला. शिफारस करता की नाही, यापैकी एकच उत्तर द्यावे लागते. मधली जागा नाही. ‘कल्पना अप्रतिम, पण दहा तासांनंतर जीव कंटाळला’ असे मत असलेल्या माणसालाही अंगठा वर किंवा खाली करावाच लागतो. म्हणून या खेळाबाबत अंगठे मोजण्यापेक्षा मजकूर वाचणे अधिक फलदायी आहे. शिफारस करणारा आणि न करणारा पुष्कळदा जवळजवळ तीच वाक्ये लिहितात.

अभिप्रायाशेजारी त्या व्यक्तीने खेळात घालवलेले तासही दिसतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून मोठी मेजवानी कोणती? बखरकाराने लढाई स्वतः पाहिली होती की नाही हे ठरवताना आपण किती खटपट करतो! येथे साक्षीदाराची हजेरीच मांडलेली असते. कोणी वीस तास खेळून ‘कंटाळवाणा’ असे लिहिले, तर त्याचे शब्द आणि त्याचे तास हे दोन स्वतंत्र पुरावे ठरतात आणि ते परस्परांशी भांडतात. ते भांडण सोडवणे हेच आपले काम.

आता मतांकडे. स्तुती करणारे साधारणपणे तीन गोष्टी सांगतात: विज्ञानकथांतील रूढ प्रसंगांची चेष्टा, स्पेसबुकवरील पात्रांच्या उथळ नोंदी आणि कल्पनेचे नावीन्य. यावर अधिक बोलण्यासारखे फारसे नाही. विनोद आवडला की माणूस तेवढेच म्हणतो.

तक्रारींचा साठा अधिक समृद्ध आहे. सर्वांत ठळक तक्रार पुनरावृत्तीची: त्याच नोंदी, त्याच मेजवान्या, रोज त्याच चार कळा दाबणे. दुसरी तक्रार अधिक सूक्ष्म आहे. मैत्री ही शिडी होते. पात्राचा स्वभाव कळण्याऐवजी त्याची उपयुक्तता तेवढी दिसू लागते आणि आपण कोरडे हिशेबी होऊन बसतो. खेळाचे समर्थक या दोन्हींना एकच उत्तर देतात: अहो, तोच तर विनोद आहे! समाजमाध्यम असेच कंटाळवाणे आणि हिशेबी असते.

हे उत्तर मला पूर्णपणे पटत नाही. दोन तक्रारी वेगळ्या आहेत आणि त्या वेगळ्याच ठेवल्या पाहिजेत. ‘मी हिशेबी झालो’ ही तक्रार म्हणजे खेळाचे यश आहे. २०१३ साली ज्या माणसाने खऱ्या फेसबुकवर वरिष्ठाच्या सहलीची छायाचित्रे मुकाट्याने ‘लाइक’ केली असतील, त्याला येथे आरसा दिसला. पण ‘तीच वाक्ये पुन्हा वाचावी लागतात’ ही तक्रार मजकुराच्या तुटवड्याची आहे. विडंबनाची ढाल पुढे करून कारागिरीतील उणीव झाकता येत नाही. कंटाळ्याविषयीचे नाटक प्रेक्षकाला कंटाळा न आणता दाखवता येते. मराठी रंगभूमीच्या रसिकांना हे वेगळे सांगायला नको.

तुलनेसाठी एक जुने उदाहरण घेऊ. जुलै २०१० मध्ये अमेरिकी अभ्यासक इयान बोगोस्ट यांनी फेसबुकवर ‘काऊ क्लिकर’ नावाचा खेळ सोडला. फेसबुकवर जून २००९ मध्ये आलेल्या ‘फार्मव्हिल’ने धुमाकूळ घातला होता, तशा खेळांची टिंगल हा त्यांचा हेतू. नियम एवढाच: कुरणात एक गाय, तिच्यावर दर सहा तासांनी एकदा क्लिक करायचे. वाट पाहवत नसेल तर पैसे मोजायचे. खेळणाऱ्यांची संख्या पन्नास हजारांच्या पुढे गेली. थट्टा ओळखून खेळणारे होते, तसेच मनापासून खेळणारेही. अखेर ७ सप्टेंबर २०११ रोजी बोगोस्ट यांनी सगळ्या गायी नाहीशा केल्या आणि त्यांच्या जागी रिकामी जमीन उरली. तरी काही लोक त्या रिकाम्या जागेवर क्लिक करत राहिले. खेळ आता पूर्वीसारखे समाधान देत नाही, असे एका खेळाडूने कळवले. तो पूर्वीही देत नव्हता, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळाले.

गायीच्या खेळात प्रवेश फुकट होता आणि निरर्थकता उघडपणे जाहीर केलेली होती, म्हणून तेथे पुनरावृत्तीची तक्रार करायला जागाच नव्हती. ‘रेडशर्ट’ दुकानात किंमत लावून विकला गेला. पैसे देणाऱ्याचा करार वेगळा असतो. शिवाय स्टीमने खेळ परत करून पैसे मिळवण्याची सर्वसाधारण सोय जून २०१५ मध्ये दिली. त्याआधी नाराज ग्राहकाच्या हाती अभिप्राय हे जवळजवळ एकच हत्यार होते. म्हणून २०१३ ते २०१५ मधील मतांचा कडवटपणा वाचताना फसल्याच्या भावनेचा अंश वजा करावा आणि पुढे मोठ्या सवलतीत खेळ घेणाऱ्यांच्या उदारपणातूनही थोडी वजाबाकी करावी.

आणखी एक गाळणी लक्षात ठेवायची. सप्टेंबर २०१६ मध्ये स्टीमने नियम बदलला: इतरत्र मिळवलेल्या चावीने खेळ उघडणाऱ्यांचे अभिप्राय एकूण गुणांकनात धरणे बंद झाले. बनावट स्तुती रोखणे हा उद्देश होता. पण छोट्या निर्मात्यांकडून थेट खरेदी करणाऱ्या निष्ठावंत चाहत्यांचे मतही त्यात बाजूला पडले. दफ्तरखान्यात कोणते कागद ठेवायचे हे कारकून ठरवतो, तेव्हा तोही इतिहास लिहीतच असतो.

येथे पॉझिटेकचे संस्थापक क्लिफ हॅरिस यांचा उल्लेख टाळता येत नाही. २००८ साली त्यांनी जाहीर प्रश्न विचारला होता: माझे खेळ चोरून खेळणाऱ्यांनो, तुम्ही तसे का करता? शेकडो उत्तरे आली. किंमत जास्त आहे, नमुना फार तोकडा आहे, प्रतबंदीची कुलुपे त्रासदायक आहेत. हॅरिस यांनी चोरांचे म्हणणे चोर म्हणून झिडकारले नाही. किमती उतरवल्या, नमुने वाढवले, कुलुपे काढली. खेळाडूंचे मत इतक्या गांभीर्याने वाचणाऱ्या माणसाकडूनच पुढे ‘रेडशर्ट’ प्रकाशित व्हावा, हे मला सुखद वाटते.

हा कागद किती टिकेल, हा प्रश्न उरतो. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. ‘फार्मव्हिल’ची फेसबुकवरील मूळ आवृत्ती ३१ डिसेंबर २०२० रोजी मिटली. स्टीमवरील अभिप्राय आज वाचता येतात, पण ते एका खासगी कंपनीच्या मर्जीवर उभे आहेत. शिवाय लिहिणारा आपला अभिप्राय केव्हाही बदलू शकतो आणि मग वाचकासमोर नवा मजकूरच येतो. जुना पाठ वाचायला मिळत नाही. पाठभेद नसलेली पोथी ही संपादकाला मुळीच सोयीची नसते.

तेव्हा कोणाला हा अभ्यास पुढे न्यायचा असेल तर अभिप्राय ‘उपयुक्ततेच्या’ क्रमाने वाचू नका. तारखेनुसार लावा, सर्वांत जुने आधी घ्या आणि प्रत्येकाशेजारील तास टिपून ठेवा. ऑर्कुट किंवा जुन्या फेसबुकवरील खेळांविषयी मराठीत झालेल्या गप्पांची छायाचित्रे कोणी जपून ठेवली असतील, तर नावे झाकून खाली उत्तरात जरूर जोडा.