मुलांनी विचारावे म्हणून

जून महिना आला की आमच्या धर्मग्रामांत रविवारचे धर्मशिक्षणाचे वर्ग सुरू होतात. मुलांना घेऊन आलेले आईवडील एक वाक्य हमखास उच्चारतात : "फादर, याला बायबल आता तुम्हीच शिकवा, आमचे काही तो ऐकत नाही." या वाक्यात धर्मगुरूंवरचा विश्वास आहे, पण एक गैरसमजही आहे. बायबलमधील कथा शिकवणे हे वर्गाचे काम, आणि घराने फक्त मुलाला वेळेवर पाठवायचे, असे आता सर्वत्र गृहीत धरले जाते. इतिहासात डोकावले तर चित्र निराळे दिसते. पवित्र शास्त्रातील कथा प्रथम घरात, जेवणाच्या पंगतीत, मुलांच्या हातांना काही काम देत सांगितल्या गेल्या. वर्ग पुष्कळ नंतर आला. या जुन्या परंपरेचा मागोवा घेण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

आरंभ जुन्या करारापासूनच करावा लागतो. निर्गमाच्या बाराव्या अध्यायात वल्हांडणाचे विधी सांगून झाल्यावर मोशे इस्राएली वडीलधाऱ्यांना बजावतो की, उद्या तुमची मुले या विधीचा अर्थ विचारतील, तेव्हा त्यांना मिसर देशातील सुटकेची हकिकत सांगा. तेराव्या अध्यायात हीच आज्ञा पुन्हा येते. यहोशवाच्या चौथ्या अध्यायात यार्देन नदीच्या पात्रातून बारा धोंडे उचलून आणण्यास सांगितले आहे, आणि त्याचे कारणही तेच : पुढे मुले विचारतील की, हे धोंडे कशासाठी? या सर्व ठिकाणी एकच क्रम आढळतो. आधी मोठ्यांनी काही करावे, ते पाहून मुलाने विचारावे आणि मग त्याला कथा सांगावी. शिक्षणाचा आरंभ मुलाच्या प्रश्नापासून होतो, आणि तो प्रश्न मुलाच्या मनात उभा राहावा अशी योजना घराने करावयाची असते.

यहुदी कुटुंबांनी ही योजना शतकानुशतके जपली. सन २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथात वल्हांडणाच्या रात्रीच्या भोजनाचे वर्णन आहे. भोजनाच्या एका टप्प्यावर मुलगा बापाला प्रश्न विचारतो आणि बापाने मुलाच्या समजेप्रमाणे उत्तर द्यावे, असे तेथे सांगितले आहे. ताटातील कडू भाजी म्हणजे गुलामगिरीचा कडवटपणा, बेखमीर भाकरी म्हणजे पीठ आंबण्याइतकाही अवधी न मिळालेली घाई, आणि फळे व सुकामेवा वाटून केलेले घट्ट मिश्रण म्हणजे विटांसाठी तुडवलेला चिखल. अशा रीतीने निर्गमाचा इतिहास मूल आधी जिभेने चाखते आणि मग कानांनी ऐकते.

ही परंपरा आपल्या कोकणातही नांदली, हे आमच्या अनेक वाचकांना ठाऊक नसेल. अलिबाग, रेवदंडा या परिसरातील बेने इस्राएल समाज शनिवारी घाणा बंद ठेवी, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांची मातृभाषा मराठी. वल्हांडणाच्या रात्री वाचावयाचा हग्गादा हा ग्रंथ १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह शिळाछापावर निघाला. १८७४ साली पुण्यात त्याची आणखी एक मराठी आवृत्ती निघाली. तिच्यातील चित्रांत लुगडी नेसलेल्या स्त्रिया बेखमीर भाकरी करताना दिसतात. विधी हिब्रू भाषेतला, पण मुलांना सांगावयाची हकिकत मराठीत! ज्या भाषेत मूल प्रश्न विचारते त्याच भाषेत उत्तर दिले पाहिजे, हे त्या लहानशा समाजाने ओळखले होते.

ख्रिस्तसभेनेही हा वारसा सोडला नाही. तिमथ्याला बाळपणापासून पवित्र शास्त्र अवगत होते असे संत पौल लिहितो आणि त्याच्या विश्वासाचा उगम सांगताना त्याची आजी लोईस व आई युनीके यांची नावे घेतो. चौथ्या शतकातील संत जॉन ख्रिसोस्तोम यांनी तर मुलांच्या संगोपनावर एक छोटे पुस्तकच लिहिले. अंत्युखियात उपदेशक म्हणून गाजलेले आणि ३९८ साली कॉन्स्टँटिनोपलचे महागुरू झालेले हे सुवर्णमुखी वक्ते आईबापांना कथा सांगण्याची रीत अगदी बारकाईने शिकवतात. रात्रीच्या जेवणाच्या वेळी बापाने काइन आणि हाबेल यांची कथा सांगावी. ती सावकाश, गोडी लावून सांगावी. आईनेही तीच कथा पुन्हा सांगावी. नंतर एखाद्या रात्री मुलालाच म्हणावे की, आता तू सांग. एक कथा पक्की झाल्यावर याकोब आणि एसाव यांच्या कथेकडे वळावे. मग मुलाला हात धरून मंदिरात न्यावे. तेथे तीच कथा वाचली जाऊ लागली की मूल आनंदाने उसळते, कारण जे इतरांना ठाऊक नाही ते त्याला आधीच ठाऊक असते! सोळाशे वर्षांपूर्वीच्या या महागुरूंच्या मनात घर आणि मंदिर यांचा क्रम किती स्पष्ट होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. कथा घरी शिकावी आणि मंदिरात ती ओळखीची म्हणून भेटावी.

त्यांचेच समकालीन संत जेरोम यांनी ४०३ सालाच्या सुमारास बेथलेहेमहून रोममधील लाएता नावाच्या मातेला एक पत्र लिहिले. तिच्या पाउला या चिमुकल्या मुलीस कसे शिकवावे, हा त्याचा विषय. लाकडाची किंवा हस्तिदंताची अक्षरे करून तिला खेळावयास द्यावीत, त्यांचा क्रम मोडून ती पुन्हा लावून घ्यावीत, लहानसहान बक्षिसे द्यावीत, सोबत शिकायला सवंगडी असावेत, असे ते सुचवतात. शब्द जुळवण्याच्या सरावासाठी वाटेल ते शब्द न घेता संदेष्ट्यांची, प्रेषितांची आणि आदामापासूनच्या पूर्वजांची नावे घ्यावीत, असेही ते सांगतात. लॅटिन बायबलचा हा प्रकांड पंडित एका बालिकेच्या खेळण्यांचा विचार करीत होता. धर्मशिक्षणात खेळ आणणे हे आजकालचे खूळ आहे, असे म्हणणाऱ्यांनी हे पत्र जरूर आठवावे.

मध्ययुगात सामान्य माणसाच्या हाती ग्रंथ नव्हता. तेव्हा भिंतींवरील चित्रांनी व उत्सवांतील नाट्यांनी त्याला बायबल सांगितले. १२२३ सालच्या नाताळात असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी ग्रेचो या डोंगरावरच्या गावी गवत भरलेली गव्हाण मांडली आणि तिच्याजवळ जिवंत बैल व गाढव उभे केले. बेथलेहेमची गरिबी लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी, एवढीच त्यांची इच्छा होती. पुढे तो गोठा चर्चमधून घराघरांत गेला. आपल्याकडे गोव्यात नाताळाच्या आधी नाचणी पेरून तिचे हिरवे कोंब गोठ्याभोवती मांडण्याची रीत आहे. पेंढा आणणे, माती कालवणे, कोंबांना रोज पाणी घालणे ही कामे मुलांची. असे पंधरा दिवस राबणारे मूल "हे बाळ गोठ्यात का जन्मले?" असे विचारल्यावाचून राहत नाही.

६ मे १५४२ रोजी संत फ्रान्सिस झेवियर गोव्यास उतरले. घंटा वाजवीत ते रस्त्यारस्त्यांतून मुलांना बोलावीत, हे सर्वश्रुत आहे. पण १५४४ सालच्या पत्रात त्यांनी दक्षिणेकडील मासेमार किनाऱ्याविषयी लिहिलेली एक गोष्ट तितकीशी सांगितली जात नाही. शिकलेल्या प्रार्थना मुलांनी घरी जाऊन आईवडिलांना व शेजाऱ्यांना शिकवाव्यात, अशी त्यांची योजना होती. प्रवाह येथे उलट दिशेने वाहत होता, तरी त्याचे मुक्कामाचे ठिकाण घरच होते.

मराठी ख्रिस्ती माणसाला या इतिहासात सर्वांत जवळचे पान फादर थॉमस स्टीफन्स यांचे. इंग्लंडातून आलेले हे येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यात उतरले आणि १६१९ साली निवर्तले. त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. ग्रंथाच्या आरंभी एक जिज्ञासू धर्मगुरूंना साकडे घालतो : पूर्वजांची पुराणे सुटली, आता आमच्या मनाला रमवील असे दुसरे पुराण आम्हांला द्या. मराठीतील पहिले ख्रिस्ती महाकाव्य एका श्रोत्याच्या प्रश्नातून उभे राहते, ही आम्हांस फार अर्थपूर्ण गोष्ट वाटते. जुन्या कराराचे पहिले पुराण आणि ख्रिस्तचरित्राचे दुसरे पुराण मिळून पंच्याण्णव अवस्वरांत ही कथा विस्तारली आहे. छंद ओवीचा. ज्ञानेश्वरीही ओवीतच आहे आणि जात्यावर दळणाऱ्या बाईच्या ओठीही ओवीच असे. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही ती ऐकून पाठ होते. देशी लिपीत पुस्तके छापण्याची त्यांची मनीषा होती. पण त्यासाठी सहाशेच्या आसपास साचे पाडावे लागतील, ही अडचण त्यांनी १६०८ सालच्या पत्रात रोमला कळवली होती. ग्रंथ अखेर रोमन लिपीत निघाला. लिपी परकी असली तरी ओवी आपली होती, म्हणून हस्तलिखित प्रती होत राहिल्या आणि ख्रिस्तपुराण भाविकांच्या मुखी राहिले.

याच स्टीफन्स यांची कोंकणी प्रश्नोत्तरीही त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ साली प्रसिद्ध झाली. सोळाव्या शतकापासून युरोपात प्रश्नोत्तररूपी धर्मपुस्तकांचे युग सुरू झाले होते. त्यांचे उपकार मोठे आहेत. श्रद्धेची सूत्रे त्यांमुळे नेमकी आणि एकसारखी शिकवता आली. परंतु एक बदल नकळत घडला. वल्हांडणाच्या रात्री प्रश्न मुलाचा होता आणि उत्तर बापाचे. वर्गात प्रश्न शिक्षकाचा झाला आणि उत्तर मुलाचे, तेही पाठ केलेले. शाळा वाढल्या, वर्ग सुव्यवस्थित झाले आणि घराने हळूहळू आपले काम वर्गाच्या स्वाधीन केले. स्टीफन्स यांच्या हातून पुराण आणि प्रश्नोत्तरी ही दोन्ही लिहून झाली, कारण दोहोंची गरज त्यांना पटली होती. आपण प्रश्नोत्तरी ठेवली आणि पुराण कपाटात बंद केले.

विसाव्या शतकात ख्रिस्तसभेने ही उणीव ओळखली. १९५४ साली रोममध्ये सोफिया काव्हालेत्ती आणि जियान्ना गोब्बी यांनी मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीचा आधार घेऊन लहान मुलांसाठी उत्तम मेंढपाळाचे धर्मशिक्षण सुरू केले. त्यात मूल मेंढपाळाची आणि मेंढरांची लहानशी चित्रे स्वतःच्या हाताने हलवते व दाखल्यावर मनन करते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने कुटुंबाला गृहमंडळी मानले आणि १९६५ साली शिक्षणविषयक घोषणापत्रात आईवडील हेच मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक असल्याचे सांगितले. १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी लिहिले की, कुटुंबातील धर्मशिक्षण इतर सर्व प्रकारांच्या आधी येते, त्यांच्यासोबत चालते आणि त्यांना समृद्ध करते. १ डिसेंबर २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी ग्रेचो येथेच गोठ्याविषयीच्या पत्रावर स्वाक्षरी केली आणि घरोघरी गोठा उभारण्याच्या प्रथेस उत्तेजन दिले.

मग आपल्या घरांत काय करता येईल? त्यासाठी महागडी साधने नकोत. आपले स्वयंपाकघर पुरेसे आहे. आपली तांदळाची भाकरी मुळातच बेखमीर. पवित्र गुरुवारी मुलाच्या हाती पिठाचा गोळा द्यावा आणि इस्राएली लोकांना पीठ आंबवायला का वेळ नव्हता ते सांगावे. आंबोळीचे पीठ रात्री भिजवून सकाळी फुगलेले दाखवले की खमिराचा दाखला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. फोडणीच्या डब्यातील मोहरीचा एक दाणा मुलाच्या तळहातावर ठेवावा आणि मग तो कुंडीत पेरावा. घरात एक नाणे लपवून ते दिवा व केरसुणी घेऊन शोधायला लावावे, आणि सापडले की लूकच्या पंधराव्या अध्यायातील स्त्रीचा आनंद वाचून दाखवावा. समुद्रकिनाऱ्यावरून बारा गोटे आणून वेदीजवळ मांडावेत. त्यानंतर मोठ्यांनी थोडे गप्प बसावे, म्हणजे मूल विचारील. जेवताना सांगितलेली कथा दुसऱ्या दिवशी त्याच्याच तोंडून ऐकावी, ही सुवर्णमुखी महागुरूंची सूचना तर एका पैशाचाही खर्च मागत नाही.

या सर्वांमागे आम्हांस एक चिंता आहे, ती वाचकांसमोर ठेवणे अगत्याचे वाटते. आज आपली बहुसंख्य मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. नोहा आणि योना त्यांना परदेशी चित्रफितींतून भेटतात. नाताळचा गोठा तरुण मंडळे स्पर्धेसाठी उभारतात किंवा तो बाजारातून तयार येतो, आणि मूल केवळ प्रेक्षक उरते. ज्या आजीला ख्रिस्तजन्माची आणि क्लेशांची गाणी मराठीत येतात, तिच्याजवळ बसायला नातवाला वेळ नाही. ही आजी गेल्यावर तिच्यासोबत केवळ गाणी जाणार नाहीत. प्रार्थनेची, पश्चात्तापाची, देवाशी भांडण्याची आणि त्याला आळवण्याची आपली भाषाही जाईल. धर्मगुरू रविवारी एक तास शिकवू शकतात. उरलेला आठवडा घराचा आहे, आणि श्रद्धा ज्या भाषेत मनात मुरते ती भाषाही घराचीच आहे.

मोशेच्या काळापासून आजवर आईबापांकडे मागितले गेले ते फार थोडे आहे. घरात असे काही करावे की मुलाने विचारावे, आणि त्याने विचारले की आपल्यापाशी सांगण्याजोगी कथा असावी. या दोन गोष्टी ज्या घरात आहेत त्या घराला आम्ही धर्मगुरूंनी फार काही शिकवण्याची गरज नाही. तेथील मुलांना आम्ही फक्त भेटत राहू, आणि त्यांच्या तोंडून तीच कथा पुन्हा एकदा ऐकू.