ट्रकचा स्वयंचलित गिअर बॉक्स : दुरुस्ती की बदल?

करमाड : शेंद्रा औद्योगिक वसाहतीमुळे जालना रस्त्यावर करमाड परिसरात मालट्रकची वर्दळ असते. अशा ट्रकचा स्वयंचलित गिअर बॉक्स बिघडला, की मालकापुढे पहिला प्रश्न खर्चाचा असतो.

आपल्याकडील ट्रकमध्ये 'स्वयंचलित' म्हणून ओळखली जाणारी यंत्रणा बहुधा एएमटी प्रकारची असते. आतील दंतचक्रे नेहमीच्या गिअर बॉक्ससारखीच. क्लच आणि गिअर बदलण्याचे काम तेवढे चालकाऐवजी संगणकीय नियंत्रक करतो. त्यामुळे गिअर पडत नसेल, तर दोष सेन्सर किंवा वायरिंगमध्येही असू शकतो. संगणकीय तपासणीआधीच बॉक्स खोलणे म्हणजे मजुरी वाया घालविणे. ऑइलमध्ये धातूचा चुरा आढळल्यास मात्र खोलण्यावाचून गत्यंतर नाही.

बेअरिंग किंवा एखादे चक्र झिजले असेल, तर तेवढेच बदलून भागते. बाहेरील आवरणालाच तडा गेल्यास दुरुस्तीचा हिशेब सहसा जुळत नाही. जुना बॉक्स देऊन कारखान्यात नव्याने सिद्ध केलेला घेण्याचीही सोय असते; टाटा मोटर्सची 'प्रोलाइफ' योजना याच प्रकारची. पूर्वी २८ टक्के जीएसटी असलेल्या सुट्या भागांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के कर लागतो. म्हणजे लाखाच्या मालामागे दहा हजार रुपये वाचतात.

बिलात न दिसणारा खर्च निराळाच. ट्रक उभा असला, तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही. सुटे भाग मिळण्यास आठवडे लागणार असतील, तर महाग वाटणारा तयार बॉक्सही परवडू शकतो. हमी किती महिन्यांची आणि तीत मजुरी धरली आहे काय, हे मात्र आधीच लेखी घ्यावे.